अन्यत्रता आणि सबब : 'त्या गावचा नसणे' या बचावाचा तौलनिक विचार

गुन्हा घडला त्या वेळी आरोपी त्या स्थळी नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता, असे दाखवून आरोप फेटाळण्याच्या बचावाला कायद्याच्या परिभाषेत 'ॲलिबी' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द हे साधे स्थलवाचक क्रियाविशेषण आहे. 'दुसरा' आणि 'तेथे' या अर्थांच्या दोन पदांच्या जोडणीतून तो सिद्ध झाला. मराठीने संस्कृतातून घेतलेला 'अन्यत्र' हा शब्दही याच रीतीने घडला आहे : 'अन्य' हे सर्वनाम आणि 'त्र' हा स्थलवाचक प्रत्यय. म्हणून 'अन्यत्र उपस्थितीचा बचाव' हा मराठी पर्याय मूळ शब्दाच्या घडणीशी प्रामाणिक आहे. मात्र लॅटिन शब्द कायद्यातून लोकभाषेत गेला आणि तेथे त्याचा अर्थ पालटला. मराठीतील 'अन्यत्र' कायद्याबाहेर अशा कोणत्याही संशयाला पात्र ठरला नाही. संशयाचे ते काम मराठीने इतर शब्दांकडे सोपवले. ही वाटणी समजून घेणे, आणि साहित्यसमीक्षेने या संज्ञेचा जो वापर केला आहे तो तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. कायद्यातील 'दुसरीकडे'

भारतीय कायद्यात या बचावाला जागा दिली ती १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ११ ने. एरवी जी तथ्ये सुसंगत ठरली नसती ती वादातील तथ्याशी विसंगत असल्यामुळे सुसंगत ठरतात, असे हे कलम सांगते. त्याचे पहिले उदाहरण असे की, एका व्यक्तीने अमुक दिवशी कलकत्त्यास गुन्हा केला काय, हा प्रश्न आहे. त्या दिवशी ती व्यक्ती लाहोरास होती, हे तथ्य सुसंगत आहे. अधिनियमाचा मसुदा तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे लेस्ली स्टीफन यांचे बंधू आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचे काका. विधिसंहितेत त्यांनी योजलेली ही उदाहरणे एखाद्या कथाबीजासारखी वाचता येतात. दोन शहरे, एक दिवस आणि नाव नसलेला एक माणूस, एवढ्यावर सारा पेच उभा आहे.

या उदाहरणाला स्वतःचा इतिहास आहे. १८७२ साली कलकत्ता आणि लाहोर ही एकाच सत्तेखालील दोन शहरे होती, पण त्यांची घड्याळे एक नव्हती. प्रत्येक शहराचा आपापला स्थानिक वेळ होता, आणि हिंदुस्थानचा प्रमाणवेळ लागू झाला तो १९०६ मध्ये. 'त्याच वेळी दुसरीकडे' या विधानाला काटेकोर अर्थ यायचा तर दोन्ही ठिकाणांना मोजणारे एकच घड्याळ लागते. आधुनिक अन्यत्रता ही म्हणूनच रेल्वे, तार आणि वेळापत्रक यांची अपत्य आहे. जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो यांच्या १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या, 'बिंदू आणि रेषा' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत सारे रहस्य गाड्यांच्या वेळापत्रकावर आणि तोक्यो स्थानकातील एका फलाटावरून दुसरा फलाट दिसू शकण्याच्या चार मिनिटांच्या अवधीवर तोलले आहे, ते याच कारणाने.

१९४७ नंतर लाहोर दुसऱ्या देशात गेले. तरीही भारतीय पुरावा कायद्यातील 'दुसरीकडे' पुढची सत्त्याहत्तर वर्षे लाहोरच राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९ मध्ये ही तरतूद कायम ठेवून शहरे तेवढी बदलली गेली : आता गुन्हा चेन्नईत आहे आणि बचाव लडाखात. कायद्याचा आशय बदलला नाही, कल्पनेचा नकाशा बदलला. फाळणीच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना हा तपशील किरकोळ वाटू नये. विभक्त झालेल्या शहराचे नाव निरपराधित्वाचे उदाहरण म्हणून कायद्याच्या पुस्तकात इतकी वर्षे टिकून राहिले, ही गोष्ट स्मृती कोठे कोठे मुक्काम करते ते सांगून जाते.

या बचावाचे तर्कशास्त्र न्यायालयांनी पुढे स्पष्ट केले. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका अपिलात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या बचावात आरोपीची घटनास्थळी उपस्थिती भौतिकदृष्ट्या अशक्य होती, हे अभिप्रेत असते. आरोपी जवळपास कोठेतरी होता, एवढे पुरत नाही. त्याच निकालात बचाव पक्षाच्या साक्षीदारांना सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे, असेही सांगितले गेले. बिहारमधील एका सामूहिक हत्याकांडाच्या अपिलात १९९६ साली न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा भेद नोंदवला. हा बचाव दंड संहितेतील अपवादांपैकी नव्हे, तो केवळ पुराव्याचा नियम आहे. तो शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो आणि तो जड असतो, पण सरकार पक्षाने आपला भार आधी पेलला असेल तरच तो प्रश्न उद्भवतो. पुण्यातील एका खटल्याच्या निमित्ताने १९८४ मध्ये दिल्या गेलेल्या निकालाचा रोखही असाच आहे. खोट्या ठरलेल्या बचावाने सरकार पक्षाच्या साखळीतील मूळचा तुटलेला दुवा सांधता येत नाही. साखळी अन्यथा पूर्ण असेल तरच त्याचा उपयोग जोडदुवा म्हणून होतो.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. अन्यत्रता हे तथ्याविषयीचे विधान आहे, वर्तनाविषयीचे नव्हे. ते खरे असू शकते किंवा खोटे. आणि ते खोटे ठरले म्हणून आरोप आपोआप खरा ठरत नाही. लोकव्यवहारात नेमक्या याच तीन गोष्टी हरवतात.

२. बोलीतील 'दुसरीकडे'

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत, विसाव्या शतकात या शब्दाला 'सबब' असा अर्थ चिकटला. रिंग लार्डनर यांच्या १९१५ सालच्या कथेतील बेसबॉलपटूला 'ॲलिबी आइक' हे टोपणनाव मिळाले आहे ते तो कधी गैरहजर असतो म्हणून नव्हे. चेंडू सुटला तरी आणि उत्तम टोलावला तरी त्याच्यापाशी प्रत्येक वेळी एखादे कारण तयार असते म्हणून. तो मैदानावरच असतो, सर्वांच्या डोळ्यांदेखत असतो. म्हणजे शब्दाचा गाभा असलेले 'दुसरीकडे' येथे पूर्णपणे गळून गेले आहे. जर्मन भाषेत नावापुरत्या नेमलेल्या एकुलत्या स्त्रीला ज्या समासाने ओळखतात त्यात हाच शब्द 'देखाव्यापुरते' या अर्थाने येतो. जपानीत 'आरिबाइ' रचणे म्हणजे आपण काही केले असे दाखवण्यापुरते काहीतरी करणे, असाही अर्थ रूढ आहे. तीन भाषांत तीन दिशांनी शब्द सरकला. पण प्रत्येक ठिकाणी तो तथ्याकडून देखाव्याकडे सरकला, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

इंग्लिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी सबबींविषयीच्या १९५६ सालच्या व्याख्यानात समर्थन आणि सबब यांच्यात भेद केला होता. समर्थन करणारा कृत्याची जबाबदारी घेतो, पण ते कृत्य वाईट होते हे नाकारतो. सबब सांगणारा कृत्य वाईट होते हे मान्य करतो, पण जबाबदारी पूर्णपणे घेत नाही. अन्यत्रतेचा बचाव या दोहोंत बसत नाही, कारण तेथे कृत्याशी संबंधच नाकारलेला असतो. सबब कबुलीच्या अलीकडे उभी राहत नाही, ती कबुलीनंतर येते. अन्यत्रतेत कबूल करण्याजोगे काही नसतेच. म्हणून एका शब्दाने दोन्हींचा निर्देश होऊ लागला की केवळ अर्थविस्तार होत नाही. 'मी तेथे नव्हतो' या विधानात कबुलीचा वास येऊ लागतो.

मराठीने ही गल्लत शब्दाच्या पातळीवर टाळली. 'सबब', 'बहाणा', 'निमित्त' या शब्दांचा इतिहास स्थळाचा नाही, कारणाचा आहे. 'सबब' हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द मुळात 'कारण' असा अर्थ देतो. न्यायालयीन मराठीत तो आजही त्या प्रतिष्ठेने वावरतो : अर्जाच्या शेवटी 'सबब, विनंती की' असे लिहिले जाते, आणि तेथे तो 'म्हणून' एवढाच निर्मळ अर्थ वाहतो. कचेरीच्या पायऱ्या उतरताच मात्र तोच शब्द 'लंगडी सबब' होतो. एकाच भाषेत, एकाच दिवसात, एकच शब्द निष्कर्षाचा दुवा आणि पळवाट अशी दोन्ही कामे करतो. बंगालीतील 'अजुहात' हाही कारणवाचक अरबी शब्दापासून आलेला आणि आता पळवाटीचा अर्थ देणारा शब्द आहे. संस्कृत 'निमित्त' याच वाटेने गेला : गीतेच्या परंपरेने 'निमित्तमात्र' होण्याला आध्यात्मिक उंची दिली, आणि बोलीने 'निमित्ताला टेकणे' हा वाक्प्रचार घडवून त्याच शब्दाला जमिनीवर आणले. भारतीय भाषांत, निदान या उदाहरणांत, संशय कारणावर घेतला जातो. युरोपीय भाषांत तो स्थळावर घेतला गेला.

असे असले तरी मराठीत स्थळाधिष्ठित नकार नाहीच, असे म्हणता येत नाही. 'आपण त्या गावचेच नाही' असा आव आणणे, हा वाक्प्रचार सर्वपरिचित आहे. त्याच्या शेजारचे इतर वाक्प्रचार शरीराच्या आधाराने चालतात : 'कानावर हात ठेवणे' म्हणजे माहिती नाकारणे, 'हात झटकणे' म्हणजे संबंध तोडणे, 'काखा वर करणे' म्हणजे देणे नाकारणे. 'त्या गावचा नसणे' हा एकटा भूगोलाचा आधार घेतो. त्याची व्याकरणिक घडण मात्र लॅटिन शब्दापेक्षा वेगळी आहे. 'मी त्या गावात नव्हतो' असे तो म्हणत नाही, 'त्या गावचा' नाही असे म्हणतो. सप्तमीच्या जागी येथे संबंधवाचक 'चा' आहे. घटनेच्या क्षणी माणूस कोठे होता, हा प्रश्न बाजूला पडून तो मुळात कोठला, हा प्रश्न पुढे येतो. कायदा ज्या प्रश्नाचे उत्तर स्थळकाळात शोधतो त्याचे उत्तर बोलीने नात्यात शोधले.

३. 'नव्हतो' आणि 'नव्हे' : दोन नाटके

ही व्याकरणिक सूक्ष्मता मराठी रंगभूमीने नाट्यरूपाने उलगडली आहे. वर्तमानकाळात मराठी अस्तित्वाचा नकार 'नाही' या रूपाने आणि तादात्म्याचा नकार 'नव्हे' या रूपाने करू शकते. आचार्य अत्रे यांच्या, १९६२ साली दिल्लीत प्रथम सादर झालेल्या 'तो मी नव्हेच' या नाटकाच्या शीर्षकातच हा भेद एकवटला आहे. कटघऱ्यात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे स्थळाचा बचाव घेत नाही. निरनिराळ्या नावांनी आणि वेशांनी स्त्रियांना फसवणारी जी व्यक्ती साक्षीदार वर्णन करतात, ती व्यक्तीच आपण नव्हे, हा त्याचा बचाव आहे. अन्यत्रता येथे ठिकाणाकडून माणसाकडे सरकते : तो दुसरीकडे नव्हता, तो 'दुसरा' होता. प्रभाकर पणशीकर यांनी एकाच प्रयोगात ही सारी रूपे उभी केल्यामुळे प्रेक्षकाला साक्षीदाराच्याही आधी सत्य ठाऊक असते. नाटकाचा सगळा रस बचाव खोटा असल्याच्या खात्रीवर पोसला आहे. फिरत्या रंगमंचाने स्थळे झपाट्याने बदलतात, पण नट तोच राहतो. नाट्यतंत्रानेच आरोपीची 'मी नव्हे' ही भूमिका खोडून काढलेली असते.

याच्या शेजारी लंडनमधील एक खरा खटला ठेवून पाहण्याजोगा आहे. ॲडॉल्फ बेक या नॉर्वेजियन गृहस्थाला स्त्रियांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून १८९६ साली शिक्षा झाली. अनेक स्त्रियांनी त्याला ओळखले होते. १८७७ साली अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेला स्मिथ नावाचा इसम तोच, असेही गृहीत धरले जात होते. १८७७ मध्ये बेक दक्षिण अमेरिकेत होता, पण तो जुना प्रसंग या खटल्याशी सुसंगत नाही असे ठरवून न्यायाधीशांनी ते दार बंद केले. १९०४ साली तो पुन्हा दोषी ठरला, आणि त्याच वर्षी खरा गुन्हेगार सापडल्यावर त्याला माफी मिळाली. या प्रकरणाचा धक्का १९०७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यामागच्या कारणांपैकी एक ठरला. लखोबाचे 'तो मी नव्हेच' खोटे होते आणि प्रेक्षकाने ते आनंदाने ओळखले. बेकचे 'तो मी नव्हे' खरे होते आणि ते कोणी ऐकून घेतले नाही. वाक्य एकच, ओळख पटवणाऱ्यांची खात्रीही तितकीच ठाम. नाटकाने प्रेक्षकाला दिलेली सर्वज्ञता न्यायालयाला उपलब्ध नसते, एवढाच काय तो फरक. आणि हा फरकच निर्णायक आहे.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (पहिला प्रयोग १९६७) या नाटकात प्रश्न उलट्या टोकाने येतो. अभिरूप न्यायालयाच्या खेळात लीला बेणारे आरोपी होते. तिला 'दुसरीकडे' उरतच नाही. ती निघून जाऊ पाहते तेव्हा दाराला बाहेरून कडी असते. खेळ म्हणून मांडलेले न्यायालय तिच्या खाजगी आयुष्याची साक्ष काढते, आणि सुखात्मे फिर्यादी व बचाव अशा दोन्ही बाजूंची वकिली स्वतःच चालवतात. ज्या बचावाला समान वागणूक मिळावी असे कायदा सांगतो तो येथे फिर्यादीच्याच तोंडी दिलेला आहे. खरी अन्यत्रता आहे ती प्राध्यापक दामले यांच्यापाशी. ते मंडळाचे सभासद आहेत, त्यांची वाट पाहिली जाते, बेणारेच्या गर्भारपणाशी त्यांचा संबंध उघड होत जातो; पण ते येत नाहीत. रंगमंचावर न येणे हाच त्यांचा बचाव, आणि तो इतका परिपूर्ण की कोणी त्यांना तो शाबीत करावयास सांगत नाही. उपस्थित असणे हाच बेणारेचा अपराध ठरतो. अनुपस्थितीचे संरक्षण कोणाला मिळते आणि उपस्थितीची किंमत कोण मोजतो, ही वाटणी लिंगभावाने ठरलेली असते, हे या नाटकाने कोणत्याही प्रबंधापेक्षा नेमकेपणाने दाखवले आहे.

४. हजेरी आणि गावकूस

अन्यत्रतेचा बचाव सर्वांना सारखाच उपलब्ध असतो, हे कायद्याचे गृहीत आहे. त्याच कायद्याने ते एकदा उघडपणे मोडलेही होते. पुरावा अधिनियमाच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली आणि १९५२ साली तो रद्द झाला. नोंदणी झालेल्या जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे, ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जाण्यास परवाना लागे, आणि परवान्यावाचून बाहेर सापडणे हाच दंडनीय अपराध असे. अशा माणसावर चोरीचा आळ आला आणि 'मी त्या रात्री दुसऱ्या गावी होतो' असे त्याने खरे सांगितले, तर त्या एका वाक्याने तो चोरीच्या आरोपातून सुटताना दुसऱ्या अपराधाची कबुली देत असे. कलकत्ता आणि लाहोर यांच्यामध्ये मुक्तपणे प्रवास करणारा कलम ११ मधील अनामिक माणूस आणि हजेरीपटावर नाव असलेला माणूस हे एकाच राजवटीचे प्रजाजन होते, पण 'दुसरीकडे' असण्याचा अधिकार त्यांतील पहिल्यालाच होता.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने या पार्श्वभूमीवर वाचली की 'त्या गावचा नसणे' या वाक्प्रचाराचा अर्थच उलटतो. ज्याला गाव आहे त्याच्यासाठी त्या गावचा नसण्याचा आव हा जबाबदारीतून सुटण्याचा मार्ग असतो. ज्याला गावच नाही, किंवा ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे, त्याच्यासाठी तेच वाक्य बचाव न राहता शिक्षा होते. 'उपरा' हे शीर्षक म्हणजे एका अर्थी या वाक्प्रचाराचे अनुभवरूप आहे : कोणत्याच गावचा नसलेला माणूस प्रत्येक गावात संशयित असतो. 'चा' या प्रत्ययातील जे नाते बोलीने गृहीत धरले होते, ते कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हा प्रश्न या आत्मकथनांनी भाषेलाच विचारला आहे. त्यांचा पवित्रा सबबीचा तर नाहीच, शुद्ध बचावाचाही नाही. ती साक्ष आहे, आणि साक्षीला स्वतःचे ठिकाण सांगावेच लागते.

५. समीक्षेचा व्यवहार

विसाव्या शतकातील साहित्यविचाराने ही संज्ञा दोन ठिकाणी कळीची म्हणून वापरली. रोलाँ बार्थ यांनी १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात मिथकाच्या कार्यपद्धतीचे वर्णन सततची अन्यत्रता असे केले. मिथकातील चिन्ह अर्थ आणि आकार यांच्यात फिरत राहते. एका बाजूला पकडू जावे तर ते दुसरीकडे असल्याचे सांगते. नेहमीच्या अन्यत्रतेत हे फिरणे कोठेतरी वास्तवापाशी थांबते, मिथकात ते थांबत नाही, हा भेदही बार्थ यांनी स्वतःच केला होता. दुसरीकडे मिखाइल बाख्तिन यांनी १९२० च्या आसपास लिहिलेल्या आणि १९८६ साली रशियनमध्ये प्रसिद्ध झालेल्या कृतिविषयक तत्त्वचिंतनात अस्तित्वात माणसाला अन्यत्रता नाही, अशी मांडणी केली. ज्या एकमेव जागी माणूस उभा आहे त्या जागेची जबाबदारी त्याच्याऐवजी दुसरा कोणी घेऊ शकत नाही.

या दोन्ही मांडण्या आपापल्या जागी सार्थ आहेत. अडचण निर्माण झाली ती त्यांच्या सैल वापरातून. रूपबंध हा विचारसरणीचा 'ॲलिबी', परंपरा हा सत्तेचा 'ॲलिबी', सौंदर्य हा वर्गाचा 'ॲलिबी', अशा वाक्यांत ही संज्ञा नेहमी खोट्याच बचावाचा निर्देश करते. बार्थ यांनी जपलेला भेद पुसला जातो आणि खरी अन्यत्रता समीक्षेच्या कोशातून नाहीशी होते. त्यावर असा आक्षेप संभवतो की, शब्दांचे अर्थ सरकतातच आणि रूपकाला कायद्याच्या तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप भाषेपुरता मान्य करता येईल. परंतु समीक्षा जेव्हा एखाद्या संहितेवर आरोप ठेवते आणि त्याच वाक्यात तिचे उत्तर 'सबब' म्हणून खारीज करते, तेव्हा ती रूपक वापरत नसते, निकाल देत असते. मग सुखात्म्यांप्रमाणे दोन्ही बाजूंची वकिली तिच्याचकडे येते.

तौलनिक साहित्याभ्यासाला हा प्रश्न विशेष जवळचा आहे, कारण त्याचे क्षेत्रच 'दुसरीकडे' हे आहे. स्थलांतरित लेखक ज्या भाषेत लिहितो तिच्यापासून दूर राहतो. अनुवादित संहिता ज्या गावची असते त्या गावात वाचली जात नाही. ऐतिहासिक कादंबरी आजच्याविषयी बोलण्यासाठी काल निवडते. या प्रत्येक अन्यत्रतेत पलायन असू शकते, तसेच तथ्यही असू शकते. दोहोंतील निवाडा आधीच गृहीत धरता येत नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली शिस्त उपयोगी आहे : आरोप करणाऱ्याने आपला भार आधी पेलावा, बचावाच्या साक्षीला समान वजन द्यावे, आणि बचाव फसला म्हणून आरोप सिद्ध झाला असे मानू नये. 'उपरा' मधील माणसाला ही शिस्त न्यायालयात लाभली नाही, बेकला ती उशिरा लाभली, बेणारेला ती खेळातही लाभली नाही. वाचनाच्या व्यवहारात ती नाकारण्याचे कारण नाही. 'मी त्या गावचा नाही' हे वाक्य कोणी आव म्हणून उच्चारतो आणि कोणी वस्तुस्थिती म्हणून. ते कोणाच्या तोंडी आले आहे, आणि त्याला मुळात एखादे गाव होते काय, एवढे विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.